साठ रातींचं रान

लग्नाच्या मांडवात शिरलं की माणसं आधी नवरा-नवरी बघतात, निदान जेवण कुठं मांडलंय ते तरी बघतात. हा माणूस मांडवाचे खांब बघायचा. गळ्यात शिट्टी तशीच, लग्नातसुद्धा, आणि नजर या खांबावरून त्या खांबावर. मग स्टेजकडं जाता जाता नवरीच्या बापाला गाठून सांगायचा, "मांडव घातलाय साडेतीन गुंठ्यांचा आन् जेवण बसवलंय पाऊण गुंठ्यात. म्हणून रेटारेटी होतीय." नवरीचा बाप त्या दिवशी कुणाचं ऐकून घ्यायला मोकळा नसतो. पण याचं ऐकायचा. टेबलं बाहेर काढली जायची. त्याच बापाला थोड्या वेळापूर्वी मी सांगितलेलं असायचं की गर्दी फार होतेय, जरा बघा. तेव्हा तो मला म्हणालेला असायचा, "जेवून घ्या, मास्तर."

सगळी त्याला पीटीसर म्हणायची. तोंडावर मीही म्हणायचो. पण मनातल्या मनात तो माझ्यासाठी 'तो'च होता आणि इथं कुणी ऐकत नाही म्हणून 'तो'च म्हणणार. दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या अंगाला एका गावात आमची शाळा. मी गणिताचा, तो खेळाचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, पण शाळेत आला माझ्यानंतर, दुसरीकडून बदलून. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं झालं.

आता ज्याला ठाऊक नसेल त्याला सांगतो, कारण सांगणं हे माझं काम आहे, त्याचं नव्हे. सातबाऱ्यावर जमीन लिहिलेली असते हेक्टर आणि आरमध्ये. माणसं बोलतात एकर आणि गुंठ्यात. शंभर आरचा एक हेक्टर, चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. आर आणि गुंठा दिसायला सारखेच, गुंठा केसभर मोठा. बस्स, एवढंच आहे. आठवीच्या पोराला दोन तासांत यावं. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलो. पण गावातल्या कुणालाही सातबारा कळेनासा झाला की तो प्रिंट घेऊन शाळेत यायचा, स्टाफरूमच्या दारात उभा राहायचा, समोर मी बसलेलो असायचो, आणि तो मला विचारायचा, "सर, पीटीसर कुठंयत?"

ग्राउंडवर आहेत, असं मी सांगायचो. दुसरं काय सांगणार.

ग्राउंडवर त्याचा एक दोर होता. सुती, तेहतीस फुटी, मोटरसायकलच्या डिकीत कायम. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. कुणी विचारायला आलं की हा तोंडानं उत्तर द्यायचाच नाही. चार कोपऱ्यांत चार पोरं उभी करायची, दोर फिरवायचा, फक्की टाकायची, आणि आलेल्या माणसाला म्हणायचं, बसा मध्ये. माणूस पासष्टीचा असला तरी बसायचा. मग इकडं बघा, तिकडं बघा, हा एक झाला, आता असे चाळीस डोळ्यांपुढं आणा. शेवटी शिट्टी. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते आता गावातली बारकी पोरंसुद्धा म्हणतात, "बसल्याबिगर एरिया कळत न्हाई."

एकदा त्यानं अख्खी शाळा एका गुंठ्यात बसवली. पाचवी ते दहावी, मांडीला मांडी लावून. मावली. मुख्याध्यापकांनाही बसवलं. पोरं घरी जाऊन आईबापांना सांगत सुटली की गुंठा म्हणजे आमची शाळा. दुसऱ्या दिवशी मी आठवीला विचारलं, एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट? एकाही पोरानं हात वर केला नाही. एक हजार एकोणनव्वद, बाळांनो, हेच परीक्षेत येतं, तुमची शाळा येत नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आर म्हणजे मुलींचं कबड्डीचं ग्राउंड. मुलांचं नाही, ते मोठं असतं." मी घरी जाऊन मापं काढली. मुलींचं ग्राउंड बारा बाय आठ मीटर, म्हणजे शहाण्णव. आर म्हणजे शंभर. चार कमी. मला त्या चार मीटरांचा इतका आनंद झाला की बायको म्हणाली, काय झालं एकट्यानं हसायला?

मी गप्प बसणारा नव्हतो. पदरचे पैसे घालून फ्लेक्स छापून घेतला. हेक्टर, आर, एकर, गुंठा, चौरस मीटर, चौरस फूट, सगळं एका कोष्टकात, दशांशाच्या चार स्थळांपर्यंत, खाली बारीक अक्षरात माझं नाव. स्टाफरूमच्या दाराशेजारी लावला. माणसं यायची, फ्लेक्ससमोर उभी राहायची, मान हलवायची. "भारी केलंय, मास्तर." मी खूश. आणि मग, "बरं, पीटीसर काय म्हणतात यावर?"

अंगाचा तिळपापड म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं.

एकदा मात्र सापडला. दूधसंकलनाच्या तिथं चार माणसांत एकानं त्याला विचारलं की सातबाऱ्यावर माझं शून्य चाळीस आहे, म्हणजे किती? हा म्हणाला, चाळीस आर म्हणजे एक एकर, पुरा. मी तिथंच किटली धरून उभा. मी म्हटलं, माफ करा सर, पुरा नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर असतो, चाळीस आरचा नव्हे. एकराला सत्तेचाळीस चौरस मीटर कमी पडतात. सगळे माझ्याकडं बघायला लागले. असा क्षण माणसाच्या आयुष्यात फार येत नाही. त्यानं कपाळावर हात मारला आणि मोठ्यांदा हसला. "सत्तेचाळीस मीटर? अहो सर, म्हंजी माझं आख्खं घर, वर मोटरसायकल लावायची जागा. मी माझंच घर हिशोबात विसरलो की." सगळे खो खो हसले. आठवडाभर गावात तोच किस्सा, पीटीसर एकरात घर विसरले. चूक कुणी काढली ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

घर खरंच तेवढंच होतं. दौंडात, रेल्वेच्या हद्दीजवळ, दोन खोल्या. मी एकदा गेलो होतो. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली त्याच्या पोरीनं मिळवलेली धावण्याची मेडलं. जुन्या मापात गुंठ्याचे सोळा आणे. घर किती आण्यांचं, तर म्हणे सात. असं सांगताना त्याला काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर दिसत नव्हतं. त्याचे आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले, वडील रेल्वेत गँगमन. सात पिढ्यांत सातबारा नाही. आणि हा माणूस अख्ख्या तालुक्याचे गुंठे मोजत फिरायचा. मी म्हणायचो, ज्याच्या पायाखाली वीत नाही, त्याला कशाला हव्यात उठाठेवी. मनात म्हणायचो अर्थात.

त्याची खरी खोड मला फार उशिरा कळली, सणसवाडीत. तिथं त्याच्या मेव्हण्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या, कंपन्यांतली बिहारकडची पोरं राहायची. मी एका कामाला त्याच्याबरोबर गेलो होतो. एका भाडेकरूला गुंठ्याचा प्लॉट घ्यायचा होता आणि त्याला कळेना की गुंठा म्हणजे त्याच्या गावच्या कट्ठ्यात किती. मी लगेच मोबाइल काढला, ॲप उघडलं, आकडा सांगितला. तो पोरगा हो हो म्हणाला, पण डोळ्यांत काही उजेड पडला नाही. यानं त्याला विचारलं, "आपके गाँव में नापने की लग्गी कितने हाथ की होती है?" लग्गी म्हणजे मापाचा बांबू, आणि तो म्हणे दर इलाख्यात वेगळा. पोरानं गावी चुलत्याला फोन लावला. चुलता तिकडून हात सांगतोय, हा इकडं दोर धरून मोजतोय, पोरगा हसतोय. मी बाजूला मोबाइल घेऊन उभा. मी सांगत होतो आणि हा विचारत होता, एवढाच फरक. तेव्हा मला तो फरक दिसला नाही. दिसली ती नुसती गर्दी, त्याच्याभोवतीची.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तो माझ्या बापापर्यंत पोचला.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, शिरूर तालुक्यात राहतात, भीमेच्या पलीकडं, माळाच्या गावी. आमची पूर्वी मेंढरं होती. मी कॉलेजात असताना आबांनी ती विकली आणि रान घेतलं. मधून ओढा जातो. अलीकडं बाजरी, मटकी होते, पलीकडं खडक आणि बाभळी. सातबाऱ्यावर क्षेत्र १.२०. कुणीतरी वाचून दाखवताना म्हणालं 'एक वीस', आणि आबांनी ते एक एकर वीस गुंठे म्हणून डोक्यात बसवलं. ओढ्यापलीकडचं सरकारी, अलीकडचं आपलं, दीड एकर. झालं. कुणी हरकत घेतली नाही, कारण पलीकडं कुणाला काही पिकवायचंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आबांनी वाटणीचं काढलं. "एक तुला, वीस ताईला." म्हणजे एकर मला, वीस गुंठे माझ्या थोरल्या बहिणीला. ताई पाटसला असते. भावजींचं काम साखर कारखान्यात, गळिताच्या सीझनपुरतं, एरवी मिळेल ते. ताईला त्या रानात दोन खोल्या टाकून शेळ्या पाळायच्या होत्या. तिसरा हिस्सा तरी लेकीचा, असा आबांचा हिशेब.

आता बघा. सातबाऱ्यावरचं एक वीस हे एकर-गुंठे नाहीत, हेक्टर-आर आहेत. म्हणजे रान दीड एकर नाहीच, तीन एकराला जरा कमी आहे. आणि दस्तावर 'एक' मला आणि 'वीस' ताईला लिहिलं, तर मला जातो अख्खा हेक्टर आणि तिला वीस आर. तिसरा हिस्सा कुठला, सहावा. ताईच्या वाट्याला बापाच्या मनातलं निम्मंच यायचं. मी गणिताचा शिक्षक, मला हे झोपेत दिसतं. मी आबांना सांगितलं. ओसरीवर खडूनं आकडे मांडले. मोबाइल दाखवला. माझ्या फ्लेक्सचा फोटो दाखवला.

आबा म्हणाले, "एक आन् वीस. म्या बी त्येच म्हंतोय, कागद बी त्येच म्हंतोय. मग तू का भांडतोयस?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला असणार. आबांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरणार नाही. म्हणाले, "लेकीला वीस द्याचं बी तुज्या जिवावर आलंय व्हय? म्हून आकडं फिरवतोयस?"

माझ्या बापाला वाटलं की मी बहिणीला बुडवतोय. खरं सांगतो, मला रडू आलं. मी माझा तोटा करून घ्यायला ओरडत होतो आणि मीच चोर ठरत होतो. सोमवारी शिरूरच्या कचेरीत जाऊन कागद करायचा, असं आबांनी जाहीर करून टाकलं. मी रात्री ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजं बरोबरच असंल रे. पण तुजं आबास्नी पोचत न्हाई. तुमच्या शाळंत ते पीटीसर हायेत ना, त्यास्नी घेऊन ये."

पाटसपर्यंत. पाटसपर्यंत गेला होता हा माणूस.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी ग्राउंडवर गेलो. कसंबसं सगळं सांगितलं. मला वाटलं, सातबारा मागेल. त्यानं एवढंच विचारलं, "आबांची मेंढरं किती होती?" मला ठाऊक नव्हतं. दीडशे-दोनशे असतील, म्हटलं. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाला, उद्या सकाळी निघू.

रविवारी माझ्या गाडीवर मागं बसून, मांडीवर दोर घेऊन, तो आमच्या गावी आला. वाटेत भीमेच्या पुलावर गाडी थांबवायला लावून पाण्याचे हेक्टर काढले. घरी पोचल्यावर आबांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि विचारलं, "आबा, मेंढरं किती होती?"

"एकशेऐंशी," आबा म्हणाले. पटकन. जणू कुणीतरी हे विचारावं म्हणून ते एवढी वर्षं थांबले होते.

"मग रातीला वाघर केवढी लावायचा?"

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. दिवाळीनंतर आमची मेंढरं भीमा ओलांडून दौंडच्या बागायतीत जायची आणि रोज रात्री कुणाच्या तरी रानात बसायची. खत व्हायचं, शेतकरी धान्य द्यायचा. आज या तुकड्यात, उद्या शेजारच्या. आबा उठले, छपरात गेले आणि जुनी जाळी घेऊन आले. मला माहीतच नव्हतं की ती अजून आहे. आबांनी रानात मेखा ठोकल्या, जाळी बांधली. गुडघे दुखतात म्हणून एरवी चपलाही दुसऱ्याकडून मागवून घेणारा माणूस. वाघर उभी राहिल्यावर यानं दोर लावला. दोन दोर लांब, एक दोर रुंद.

"आबांची एक रात म्हणजे दोन गुंठे," असं म्हणून त्यानं शिट्टी वाजवली. आबांनी तोंडात बोटं घालून त्याला उत्तर दिलं. माझ्या बापाला अशी शिट्टी येते, हे मी विसरूनच गेलो होतो.

मग त्यानं विचारलं की तुमच्या समजुतीनं हे रान किती रातींचं. दीड एकर, साठ गुंठे, तीस राती. महिन्याचं रान, आबा म्हणाले. तेव्हा कुठं तो माझ्याकडं वळला. "सर, कागदावरच्या एक वीसचं काय होतंय?"

"एकशे अठरा गुंठे, वर थोडं," मी म्हटलं. "म्हणजे एकोणसाठ राती आणि पाव."

"साठ धरा, आबा."

"साठ नाहीत," मी म्हटलं. "एकोणसाठ आणि पाव."

"बरं. शेवटच्या रातीला मेंढरं जरा दाटीनं बसतील."

आबा हसले. मी एवढी वर्षं दशांश चिन्ह घेऊन बापाच्या दारात उभा होतो, तेव्हा ते कधी हसले नव्हते.

मग त्यानं आबांना हाताला धरून ओढ्यापलीकडं नेलं, बाभळीतून हद्दीच्या दगडापर्यंत. परत येऊन सावकाश सांगितलं. कागदावर 'एक' लिहिलं की मुलाला जातात पन्नास राती. 'वीस' लिहिलं की लेकीला दहा. आबा म्हणाले, दहाच? तो म्हणाला, "दहाच. तुमच्या मनातल्या होत्या तेवढ्याच. जो महिना तुम्हाला ठाऊकच नव्हता, तो सगळा सरांकडं चाललाय."

आबा बांधावर बसले. मातीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू ह्येच सांगत हुतास?"

"व्हय."

मला वाटलं, आता पुढं काहीतरी बोलतील. ते त्याच्याकडं वळले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "सर, तुमी आलात म्हून. न्हाईतर माज्या हातनं लेक बुडाली असती."

तो लगेच म्हणाला की हिशोब सगळा तुमच्या पोराचा, मी नुसती जाळी धरली. झालं. मोठेपणा करायची संधीसुद्धा यानंच घेतली. जळफळाट व्हावा तर तोही मोकळेपणानं करायची सोय ठेवली नाही त्यानं. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी पोरांना निबंधासाठी सांगायचो. त्या दिवशी ती मला बाजरीच्या धसकटांत उभं राहून समजली.

मग दोघं वाघरीत जाऊन बसले. आबांनी विचारलं, सर, तुमची जमीन किती? तो म्हणाला, "आबा, आमची एक रातबी न्हाई." तेवढंच, साध्या आवाजात. आबांनी मान हलवली. म्हणाले, हिथं बसा. वाघरीत बसला तो आमच्यातलाच. आणि बोलायला लागले. कुठल्या वर्षी लांडगा पडला, कुठल्या गावचा पाटील दोन पायल्या जास्त द्यायचा, कुठली मेंढी वाट चुकली की बरोबर पाण्यावर सापडायची. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. मला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि आपल्याच रानात आपण होऊन कसं शिरायचं ते मला कळेना.

"ह्यो मास्तर बी असाच वाघरीत झाला," आबा त्याला म्हणाले. "कासुर्डीच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडंला. ह्याच्या आयनं मेंढरं मोजली, जाळी लावली, आन् मग म्हनली, आता बाईमानूस बोलवा कुनीतरी."

माझ्या दाखल्यावर जन्मगाव शिरूर तालुक्यातलं आहे. मी ज्या शाळेत रोज जातो, तिच्या शिवारातला तो पाट. त्याच्या कडेनं माझी गाडी रोज जाते. मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कवा इचारलंस?" आबा म्हणाले, आणि पुन्हा त्याच्याशी बोलायला लागले.

परत येताना मी गाडी जोरात चालवली. त्यानं मागून एकदाही सावकाश म्हटलं नाही.

सोमवारी कचेरीत आबा, ताई आणि मी. दस्त लिहिणाऱ्यानं वर न बघता विचारलं, कुणाला किती? आबांनी सरळ सांगितलं, "तीस राती लेकीला, तीस राती पोराला." सारखंच. वाटेत कुणाशी काही बोलले नव्हते. ताईनं माझ्याकडं बघितलं, तिचे डोळे भरले होते. लिहिणाऱ्यानं पेन थांबवलं आणि तोही माझ्याकडं बघायला लागला. आबाही बघायला लागले. पहिल्यांदाच असं झालं की आकड्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बापाचं बोलणं मला कागदावर आणायचं होतं.

"शून्य साठ आणि शून्य साठ," मी म्हटलं.

खरं तर तीस रातींना साठ आर जरासे कमी पडतात. मी ते बोललो नाही.

बाहेर येऊन रसवंतीत बसलो. ताई कागद पिशवीत ठेवत होती, पुन्हा काढून बघत होती. मी आबांना म्हटलं, चांगलं केलंत. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथं थोडा वेळ राहिला, आणि मला वाटलं, चला, हे तरी माझं. मग ते म्हणाले, "सरास्नी फोन लाव."

लावला. जळत जळत लावला. आबा बराच वेळ बोलले, हसले, रस गरम झाला. आता तो निवृत्त होऊन दौंडात असतो, तरी दर रविवारी हे असंच चालतं. मला आबांचा फोन शनिवारी येतो, रिचार्ज मार म्हणून. त्या दिवशी बोलणं संपल्यावर त्यांनी मोबाइल माझ्याकडं दिला. तुलाच मागतायत, म्हणाले.

"सर," तो पलीकडून म्हणाला, "काल तुम्ही सोडल्यावर मी पाटाच्या कडंनं गेलो. म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत. रान सापडलं. ऊस तुटून गेलाय, आता मोकळंच हाय. दोर लावला, दोन गुंठे बरोबर धरले आन् मधी बसून आलो. जागा चांगली हाय, सर. तुम्ही कवा येताय?"

रसवंतीचा चरक कर्र कर्र वाजत होता, म्हणून मला पटकन उत्तर देता आलं नाही असं आपण धरू. मी जन्मलो त्या जागेवरसुद्धा माझ्याआधी तोच जाऊन बसला होता.

"येतो," मी म्हटलं. "पण दोर मी धरणार."